सतरा नंबरची कुपी

सतरा नंबरच्या कुपीत आधीच्या कुपीतलं औषध पडलं होतं की नाही, ते मला काही केल्या आठवेना.

होमिओपॅथिक औषध पायरीपायरीने विरळ करण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. टेबलावर लाकडी स्टँडमध्ये सव्वीस कुप्या उभ्या होत्या, ५ ते ३० असे नंबर टाकलेल्या. प्रत्येकीत ९.९ मिली अल्कोहोल आधीच भरून ठेवलेलं. आधीच्या कुपीतून पिपेटने ०.१ मिली घ्यायचं, पुढच्या कुपीत सोडायचं, बूच लावायचं, कुपी मुठीत घट्ट धरून मूठ दुसऱ्या तळहातावर दहा वेळा जोरात आपटायची, कागदावर त्या नंबरापुढे खूण करायची आणि पुढच्या कुपीकडे वळायचं. सोळापर्यंत हात लयीत चालला होता. मग कोणीतरी दारातून काहीतरी विचारलं, मी मान वर करून उत्तर दिलं आणि परत खाली बघते तर सतराला बूच लावलेलं, पण कागदावर खूण नाही.

कुपी उजेडासमोर धरली. शेजारी सोळा धरली, अठरा धरली. तिन्ही पाण्यासारख्या नितळ. हुंगून पाहिलं, तिन्हींना अल्कोहोलचाच वास. वजन करून पाहावं असं मनात आलं, पण भरताना कुप्यांची वजनं लिहून ठेवली नव्हती आणि रिकाम्या कुप्या काही एका वजनाच्या नसतात. शिवाय वजनाने फार तर ०.१ मिली द्रव पडला की नाही एवढंच कळलं असतं. त्या द्रवात काय होतं ते वजनकाटा कसा सांगणार?

"मॅडम, हे तपासून कळेल का?" मी विचारलं.

मॅडम जवळ आल्या, कुपी हातात घेतली, परत स्टँडमध्ये ठेवली. "कशाने तपासशील?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. मी गप्प राहिले तेव्हा म्हणाल्या, "ही ओतून टाक. सोळामधून नवीन सतरा कर." मी तसं केलं आणि तीसपर्यंत पोचले. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तो का गेला नाही ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझ्या आत्याला झोपेचा जुना त्रास आहे. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी ती घेते आणि तिच्या जोडीला तिच्या उशाशी होमिओपॅथिक थेंबांची एक बाटली असते. मी औषधनिर्माण शिकते, त्यात होमिओपॅथिक औषधं तयार करण्याची प्रात्यक्षिकं असतात, हे तिला माहीत होतं. एका रात्री तिने बाटली माझ्यापुढे धरली. "तू हेच शिकतेस ना गं? मग सांग, यात नक्की काय असतं?"

मी लेबल घडाघडा वाचलं. पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा क्यू, अव्हेना सटायव्हा क्यू, काली फॉस्फोरिकम ८ एक्स, सिलिशिया ३० सी.

"नावं मलाही वाचता येतात," ती म्हणाली. "आत काय असतं, ते विचारतेय."

मला सांगता आलं नाही. क्यू म्हणजे मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क, एक्स म्हणजे विरळ करण्याची दहाच्या पटीतली पायरी, सी म्हणजे शंभराच्या पटीतली, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण वीस थेंब जिभेवर पडतात तेव्हा त्यात वेलीचा अंश किती, मिठासारख्या क्षाराचा किती, दगडासारख्या सिलिकाचा किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. पुढच्या सत्रात प्रात्यक्षिकासाठी औषध निवडायची वेळ आली तेव्हा मी हेच चार घटक मागून घेतले. दोन वनस्पती, दोन खनिजं. सगळं स्वतःच्या हाताने, मुळापासून बाटलीपर्यंत. मॅडमनी एवढंच विचारलं, "वेळ आहे ना? दीड महिना जाईल."

सुरुवात पॅसिफ्लोरापासून केली. ही आपल्या कृष्णकमळाच्या कुळातली वेल. फुलोऱ्यावर आलेली ताजी वेल मिळाली, पानं आणि कोवळी खोडं, ५०० ग्रॅम. पहिली गोष्ट शिकले ती अशी की ताजी वनस्पती म्हणजे बहुतांशी पाणी, आणि ते पाणी आधी मोजल्याशिवाय पुढचं एक पाऊलही टाकता येत नाही. बारीक चिरलेली १० ग्रॅम पानं ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवली. काढा, गार करा, वजन करा, परत ठेवा. सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच. शेवटी बशीत उरलं २.१ ग्रॅम, हाताने चुरडलं तर भुगा होईल असं. म्हणजे ७९ टक्के पाणी. त्यावरून हिशेब लागला. माझ्या ५०० ग्रॅम वेलीत कोरडा ऐवज १०५ ग्रॅम आणि पाणी ३९५ मिली. मदर टिंक्चरमध्ये दहा भागात एक भाग कोरडी वनस्पती असावी लागते, म्हणजे एकूण १०५० मिली अर्क व्हायला हवा. त्यातलं ३९५ मिली पाणी वेलीने स्वतःच आणलेलं आहे, उरलेली भर कडक अल्कोहोलची. तयार अर्कात अल्कोहोल साधारण ६० टक्क्यांवर जातं, ते असं. पुस्तकात हे गणित रुक्ष वाटलं होतं. तागडीवर बशी ठेवून केलं तेव्हा आवडलं.

चिरलेली वेल काचेच्या मोठ्या बरणीत अल्कोहोलमध्ये बुडवली, झाकण घट्ट लावलं आणि अंधाऱ्या कपाटात ठेवली. रोज एकदा हलवायची. तीन आठवडे. दुसऱ्या दिवशी द्रव गर्द हिरवा झाला, आठवडाभरात हिरव्यात तपकिरी मिसळायला लागली आणि शेवटी कोऱ्या चहासारखा रंग आला. पानं मात्र फिकी पडत गेली, पिवळट, निःसत्त्व. बरणी उघडली की अल्कोहोलच्या तिखट वासाखालून ओल्या गवताचा वास यायचा. तीन आठवड्यांनी चोथा पिळून काढला आणि अर्क गाळण कागदातून गाळला. मग त्यातला ५ मिली अर्क पोर्सेलिनच्या बशीत घेऊन गरम पाण्याच्या वाफेवर सुकवला. बशीच्या तळाला तपकिरी, चिकट थर बसला. बोटाला लागला, धुतला तरी लवकर जाईना. जिभेच्या टोकाला लावून पाहिला, कडवट.

या बशीचं मला फार समाधान वाटलं. विचारलं तर दाखवता येईल असं काहीतरी तिच्यात होतं.

अव्हेना म्हणजे ओट. फुलावर आलेलं हिरवं रोप घेऊन तोच सोपस्कार केला. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही, फक्त अर्क फिका निघाला आणि त्याला कडवटपणा नव्हता.

खरा घाम काढला तो सिलिकाने.

सिलिशिया म्हणजे सिलिका, वाळूचा मुख्य घटक. ती पाण्यात सहज विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये तर नाहीच. मग ती थेंबांत उतरवायची कशी? होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी यावर जी युक्ती काढली ती म्हणजे ट्रिच्युरेशन, दुग्धशर्करेबरोबर खलणं. एक भाग सिलिका, ९९ भाग दुग्धशर्करा. शर्करेचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा खलात घ्यायचा, त्यावर औषध टाकायचं, सहा मिनिटं खलायचं, चार मिनिटं खलाच्या कडा आणि बत्त्याचं डोकं खरवडून सगळी पूड परत मध्यात आणायची. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा चार. मग दुसरा वाटा, तोच क्रम. मग तिसरा. वीस-वीस मिनिटांचे तीन फेरे, म्हणजे एका पायरीला एक तास. झाली १ सी. त्यातला एक ग्रॅम घेऊन नव्या ९९ ग्रॅम शर्करेत पुन्हा एक तास, २ सी. पुन्हा एक तास, ३ सी.

पहिल्या तासाला मी जोर लावायची चूक केली. बत्ता दाबून फिरवला तशी पूड खलाच्या बुडाशी थापली गेली, वडीसारखी. खरवडताना ती पापुद्र्याने सुटायला लागली आणि वरची पूड तिच्यात मिसळेचना. मॅडमनी माझं मनगट धरून दाखवलं. दाबायचं नाही, फिरवायचं. बत्ता बुडाशी घासत मधून बाहेर जातो आणि बाहेरून मध्ये येतो. आवाजावरून कळतं. सुरुवातीला करकर, मग खसखस, आणि वीस मिनिटांच्या अखेरीला रेशमावर नख फिरवल्यासारखा बारीक आवाज. तिसऱ्या तासाला खांदा भरून आला होता, पण तो आवाज ऐकायला आला की बरं वाटायचं. हाताने करायच्या कामात एक सच्चेपणा असतो आणि मी त्या तीन तासांत तो अनुभवला.

खरवडता खरवडता एक शंकाही आली. खल पोर्सेलिनचा. त्याची आतली बाजू मुद्दाम थोडी खरखरीत ठेवलेली असते. तीन तास घासल्यावर तोही कणभर झिजत असणार. आणि पोर्सेलिन म्हणजे तरी काय? चिनीमाती आणि गारगोटी, सिलिकाचीच संयुगं. ३ सी ची पायरी गाठली तेव्हा माझ्या एक ग्रॅम पुडीत मूळ सिलिका उरली होती ग्रॅमचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोग्रॅम. मग खलातून झिजून आलेली सिलिका किती? मी मॅडमना विचारलं, "मग यातली आपली सिलिका कुठली आणि खलाची कुठली?" त्या म्हणाल्या, "पुढे जा, अजून काचेची यायची आहे."

खरंच आली. ३ सी चा एक ग्रॅम आधी ५० मिली शुद्ध पाण्यात विरघळवला, कारण दुग्धशर्करा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, आणि मग त्यात ५० मिली अल्कोहोल घातलं. ही ४ सी, पहिली द्रवरूप पायरी. हिच्या एका मिलीत मूळ सिलिका १० नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमचा शंभरावा भाग. ती मी भरून ठेवली ती काचेच्या बाटलीत, आणि काच मुख्यतः सिलिकाचीच बनते आणि आतल्या पाण्याला आपला सूक्ष्म अंश देत राहते.

एक गोष्ट त्याच दिवसांत वाचनात आली आणि मनात बसली. हानेमान यांचा जन्म १७५५ चा, जर्मनीतल्या माइसेन गावचा. हे गाव पोर्सेलिनसाठी प्रसिद्ध आणि त्यांचे वडील पोर्सेलिनवर चित्रं रंगवायचे. खल फिरवताना मला त्या मुलाची आठवण यायची. १७९० मध्ये एका औषधिग्रंथाचं भाषांतर करताना त्यांनी हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि आपल्याला हिवतापासारखी लक्षणं झाली असं नोंदवलं. सारख्याने सारखं बरं होतं, हे त्यांचं सूत्र तिथून उगवलं. १८१० मध्ये त्यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ आला. त्या काळी रक्त काढणं, पाऱ्याचे मोठे डोस, जुलाब हेच उपचार होते. अशा वेळी डोस कमी करत नेणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो या सगळ्या प्रकारानंतरही कमी झालेला नाही.

काली फॉसचं काम माझ्या टेबलावरच्या जोडीदाराने केलं. पोटॅशियम फॉस्फेट, दहाच्या पटीने, सहा पायऱ्या, सहा तास खलणं. मग पाणी आणि अल्कोहोलमध्ये उतरवून ८ एक्स. याचाही हिशेब तोच, एका मिलीत १० नॅनोग्रॅम. मी सहज लाळेतलं पोटॅशियम किती असतं ते काढून पाहिलं. थेंब जिभेवर पडतात त्या वेळी तोंडात जी एक मिली लाळ असेल, तिच्यात औषधापेक्षा लाखो पटींनी जास्त पोटॅशियम आधीच हजर असतं. हे मी जोडीदाराला सांगितलं तेव्हा त्याने नुसता आपला खांदा चोळला. सहा तास त्याने खललं होतं.

आणि मग त्या सव्वीस कुप्या.

सोळा, सतरा, अठरा या कुप्या एकसारख्या का दिसत होत्या, याचं उत्तर मी त्याच रात्री वहीत मांडलं. शंभराच्या पटीतली प्रत्येक पायरी म्हणजे दोन शून्यं. ४ सी म्हणजे एकावर ८ शून्यं, इतक्या भागांत एक भाग. १२ सी म्हणजे एकावर २४ शून्यं. मोल हे रसायनशास्त्रातलं कण मोजायचं माप. सिलिकाचा एक मोल म्हणजे सुमारे ६० ग्रॅम आणि त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके मूळ घटक. म्हणजे ओंजळभर शुद्ध सिलिका घेऊन सुरुवात केली तरी बाराव्या पायरीच्या आसपास तिचा शेवटचा एखादा कण उरेल न उरेल. माझी सुरुवात एका ग्रॅमपासून होती आणि दर पायरीला त्यातला शंभरावा भागच पुढे जात होता. त्यामुळे माझी सिलिका त्याच्याही आधीच संपली होती. सतराच्या कुपीत सोळातून ०.१ मिली पडलं असतं काय किंवा नसतं काय, दोन्हींमध्ये मूळ सिलिका शून्यच. तीसपर्यंत गेले तेव्हा शून्यं साठ झाली होती.

कशाने तपासशील, या प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागला. पॅसिफ्लोराचा अर्क तपासायच्या कितीतरी रीती आहेत. सुकवून उरलेला ऐवज तोला, अल्कोहोलचं प्रमाण काढा, घनता पाहा, पातळ थरावर रंगाचे पट्टे उठवून ओळख पटवा. ३० सी ची कुपी आणि नुसत्या अल्कोहोलची कुपी मात्र अदलाबदल झाली तर ती उलगडून सांगणारी एकही खात्रीची कसोटी मला मिळाली नाही. तिथे फक्त कागदावरची खूण असते आणि ती खूण करणाऱ्याचा प्रामाणिकपणा.

हानेमान यांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. ते १८४३ मध्ये पॅरिसला वारले. ठरावीक आकारमानाच्या वायूत रेणू किती असतात याचा पहिला नीट अंदाज शास्त्रज्ञ योहान लोश्मिट यांनी मांडला तो १८६५ मध्ये. हानेमान यांचं म्हणणं होतं की दर पायरीला दिलेल्या झटक्यांनी औषधाची सुप्त शक्ती जागी होते, म्हणून जितकं विरळ तितकं प्रबळ. त्यावरूनच आपल्याकडे 'पॉवर' हा शब्द आला. "डॉक्टरांनी पॉवर वाढवून दिली" असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जास्त औषध असतं. बाटलीत कमी असतं, तीसपर्यंत पोचेतो काहीच उरत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारासाठी सापडत नाही. मी दीड महिना खपून हेच औषध बनवलं, मनापासून बनवलं, आणि मला हा निष्कर्ष पटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मात्र "होमिओपॅथीत काही नसतं, मग घेतलं तर बिघडलं कुठे" असं कोणी म्हणालं की मी तिथेही थांबवते. काही नसतं ते वरच्या पायऱ्यांवर. खालच्या पायऱ्यांवर असतं, आणि चांगलंच असतं. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जस्त असलेली, नाकात घालायची काही होमिओपॅथिक उत्पादनं वापरू नका असा इशारा दिला, कारण वापरणाऱ्यांची वास घेण्याची शक्ती गेल्याच्या १३० हून जास्त तक्रारी आल्या होत्या. २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या तपासणीत बाळांच्या दात येण्यावरच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण कमीजास्त आणि काही ठिकाणी लेबलवर लिहिलं होतं त्याहून कितीतरी जास्त निघालं. बेलाडोना विषारी वनस्पती आहे. खलताना वडी थापली गेली आणि पूड नीट मिसळली नाही तर काय होतं, हे मी माझ्या हातांनी पाहिलं होतं. सिलिकाच्या जागी बेलाडोना असतं तर? एका चिमटीत काहीच नाही आणि दुसऱ्या चिमटीत दहापट. त्या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

शेवटचा दिवस बाटली भरण्याचा. पॅसिफ्लोराचा अर्क ३० टक्के, अव्हेना २० टक्के, काली फॉस ८ एक्स आणि सिलिशिया ३० सी प्रत्येकी १० टक्के, उरलेली भर पाणी आणि अल्कोहोल. तपकिरी रंगाच्या ३० मिलीच्या बाटल्या, ड्रॉपर असलेलं झाकण. भरून झाल्यावर मी एक गोष्ट हौसेने केली. ड्रॉपरने थेंब मोजले. साध्या पाण्याचे २१ थेंब झाले आणि एक मिली भरलं. आमच्या मिश्रणाचे ४५ लागले. अल्कोहोलचा थेंब लहान पडतो, कारण त्याचा पृष्ठताण कमी. म्हणजे वीस थेंबांचा डोस हा एक मिली नव्हे, ०.४४ मिली. त्यात पॅसिफ्लोराचा अर्क ०.१३ मिली, म्हणजे कोरडी वेल १३ मिलिग्रॅम. वनौषधी म्हणून हीच वेल चहासारखी उकळून घेतात तेव्हा एका वेळी एक-दोन ग्रॅम घेतात. मला खूप आवडलेला तो चिकट तपकिरी थर डोसात येईपर्यंत एवढासाच राहिला होता.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन आत्याकडे गेले. सगळं सांगितलं. वेलीचं, ओटचं, खलाचं, सतराच्या कुपीचं. ती नीट ऐकत होती, मधूनच विचारत होती. "म्हणजे ती सिलिशिया नाहीच आत?"

"नाही."

"आणि तू तीन तास खललंस?"

"हो."

मग मी विचारलं, "तू वीसच थेंब घेतेस ना गं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की थेंब मोजायला तिला रात्री दिसत नाही, म्हणून ती चमच्याने घेते. एक चमचा. आणि तासाभरात झोप लागली नाही तर आणखी एक.

मी बाटली उचलली. लेबलच्या अगदी तळाशी, सगळ्या नावांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: अल्कोहोल, आकारमानाने ४८ टक्के. दोन चमचे म्हणजे १० मिली. वीस थेंबांच्या बावीस-तेवीस पट. त्यात शुद्ध अल्कोहोल ४.८ मिली, वजनाने जवळपास ३.८ ग्रॅम, रोज रात्री, आणि त्यावर झोपेची गोळी. दोन्ही मेंदूला मंद करणारे, एकमेकांचा परिणाम वाढवणारे. मी विचारलं, रात्री उठल्यावर तोल जातो का? ती म्हणाली, "गेल्या महिन्यात दोनदा भिंत धरावी लागली. मला वाटलं वय झालं."

इतके दिवस मी क्यू, एक्स, सी यांच्या मागे होते. बाटलीत खरोखर काम करू शकेल एवढ्या प्रमाणात असलेला घटक एकच होता, आणि तो चार घटकांच्या यादीत नव्हता. मी स्वतः तो पिपेटने भरत आले होते, कुपीमागून कुपी. त्याला आम्ही वाहक म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. बाटली बरोबर नेली. आत्याने चमच्यांचं सगळं स्वतः सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले की हे थेंब बंद करा, गोळी मात्र मनाने सोडू नका, तीही हळूहळू कमी करू. झोपायच्या-उठायच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. तिने विचारलं, थेंबांनी मला बरं वाटायचं ते खोटं होतं का? ते म्हणाले, बरं वाटलं ते खरंच होतं, फक्त ते कशाने वाटलं ते आपल्याला माहीत असायला हवं. आता ती आपल्या वेळा एका छोट्या वहीत लिहिते. झोप अजून पुरती लागलेली नाही, पण रात्री भिंत धरावी लागत नाही.

घरी आल्यावर तिने भिंग काढून लेबल पुन्हा वाचलं होतं. ती शेवटची ओळ. "हे सगळ्यात वर का नाही लिहीत गं?"

प्रात्यक्षिकाच्या वहीला तयार बाटलीचं लेबल चिकटवायचं असतं. माझं छापून झालेलं होतं, आखून दिलेल्या नमुन्याप्रमाणे. मी ते काढून हाताने नवीन लिहिलं. पहिली ओळ, मोठ्या अक्षरांत, अल्कोहोल किती टक्के. दुसरी ओळ, वीस थेंब म्हणजे ०.४४ मिली, चमच्याने घेऊ नये. मग पॅसिफ्लोरा आणि अव्हेना, प्रत्येक डोसात किती मिलिग्रॅम ते कंसात. मग काली फॉस, किती नॅनोग्रॅम ते. सिलिशिया ३० सी च्या पुढे कंसात शून्य.

मॅडमनी वही तपासताना त्या पानावर बराच वेळ घेतला. नमुन्याप्रमाणे नाही म्हणून दोन गुण कापले. मग शून्याखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली आणि शेजारी बरोबरची खूण केली.